कोड जुळतोय पण रंग जुळत नाहीये: कॅन्डी रेड किटबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,
बाबांची जुनी मोटरसायकल रिस्टोर करतोय. टाकीवरचा कंपनीचा ओरिजिनल कॅन्डी रेड अजून टिकून आहे, म्हणून नवीन आणलेली साइड कव्हरं तेवढी रंगवायची ठरवली आणि तुमचं किट मागवलं, खालचा सिल्व्हर बेस, त्यावरचा लाल कॅन्डी आणि सगळ्यात वरचा बिनरंगी क्लिअर. सीटखालच्या स्टिकरवरचा कलर कोड दिलाच, शिवाय फुटलेल्या कव्हरचा मोनोग्रामखालचा तुकडा पाठवला, तिथे ऊन लागत नाही ना. आधी टाकीला लावून बघितला होता, काडीचाही फरक नव्हता.

कॅन्डीचा लाल पारदर्शक असतो, खालच्या सिल्व्हरची चमक त्यातून वर येते आणि प्रत्येक हाताला रंग गडद होत जातो. म्हणून ३, ४ आणि ५ हातांचे टेस्ट पीस केले, वर क्लिअर मारला. ४ हातांचा ट्यूबलाइटखाली समोरून अगदी जुळला, इतकं बरं वाटलं! सकाळी उन्हात नेऊन तिरका धरला तर टाकी लालच आणि माझा पीस काळपट मरून. जवळून बघितलं तर त्यात साखर भुरभुरल्यासारखे कण चमकतायत, टाकीवर दाणा शोधूनही सापडत नाही. म्हणजे लाल बरोबर आहे, सिल्व्हरचा दाणा जाड आहे.

तुमच्या माणसाने फोनवर सांगितलं कोड बरोबर आहे, फरक स्प्रे गनचा असेल. मान्य, ओला हात गडद बसतो, कोरडा फिका, प्रेशर आणि अंतरानेही शेड हलते, पण गनमुळे दाणा जाड कसा होईल? डबाही तळापासून ढवळून घेतला होता. आणि खरा राग याचा आहे की तो तुकडा किटसोबत परत आला तो मी लावलेल्या चिकटपट्टीसकट, कोणी उघडूनसुद्धा बघितला नाही. मग मागवला कशाला?

वर सल्ला काय, टाकीपण रंगवून टाका म्हणजे सगळं एकसारखं होईल. अहो, त्या टाकीवर बाबांचा गुडघा घासून रंग पातळ झालेला डाग आहे. टाकी रंगवायची नाही.

तुकडा पुन्हा पाठवतोय. उन्हात, समोरून आणि तिरका, दोन्हीकडून जुळणारा बारीक दाण्याचा बेस द्या, सोबत किती हात मारले ते लिहिलेलं स्प्रे केलेलं कार्ड द्या. जमत नसेल तर स्पष्ट सांगा आणि किटचे पूर्ण पैसे परत करा. उन्हातले फोटो जोडलेत.

तुमचा ग्राहक