भरतीच्या वेळा

भुसावळ,
गुरुवार, रात्री

चि. पंकज,
अनेक आशीर्वाद.

परवा अंदमानला जायला तुझी गाडी हलली आणि आपण धड बोललोही नाही. आदल्या रात्री मी लाइफ जॅकेटचा विषय काढला, तू ताट सरकवलंस आणि म्हणालास, "आई, मी फोटो काढायला चाललोय, बुडायला नाही." भरीत तसंच राहिलं. मी गप्प झाले ती रागाने नव्हे. तापी आणि आपलं घर, यावर मला काही लिहायचं नाही. काकांचा फोटो समोर भिंतीवर आहे, तेवढं पुरे. आज पाण्याबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. कॅमेऱ्याबद्दल लिहिते.

तुझ्या कॅमेऱ्याला खान्देशाची हवा सवयीची आहे. इथे वैरी म्हणजे धूळ. तिथे ओल. आपल्याकडे वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, अंदमानात तीन हजारांच्या घरात, आणि पाऊस नसला तरी हवा दमटच. लेन्सला बुरशी लागायला साठ-पासष्ट टक्क्यांच्या वरची आर्द्रता आणि बंद, अंधारी बॅग पुरते. एकदा का तिची जाळी काचेवरच्या कोटिंगला धरली, की लेन्स उघडून पुसली तरी डाग राहतो. म्हणून रात्री कॅमेरा बॅगेत ठेवू नकोस. रबरी कडेचा तो पांढरा डबा दिलाय, त्यात अर्धा किलो सिलिका जेल आहे आणि छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये हवा. तिसाच्या खालीही नको, लेन्समधलं ग्रीस सुकतं. दाणे केशरी आहेत, ओल पिऊन हिरवे होतील. निळे मुद्दाम घेतले नाहीत, त्यांत कोबाल्टचं मीठ असतं, ते हाताळायला चांगलं नाही. हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हलवत राहायचं, कुरडया तळायच्या कढईत नाही.

खोलीत एसी असेल तर आणखी एक. गार कॅमेरा एकदम बाहेर काढलास की काचेवर आणि आतही दव धरतं. झोपतानाच बॅगेची चेन लावून ठेव आणि बाहेर नेल्यावर अर्धा-पाऊण तास ती उघडू नकोस. तेवढा वेळ धरून ऊठ. घड्याळ देशभर एकच असलं तरी अंदमान आपल्या पूर्वेला सतरा रेखांश आहे. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्यापेक्षा तासाहून जास्त आधी. या दिवसांत सकाळी पावणेसहाला वर येतो आणि संध्याकाळी सव्वापाचला बुडतो. तू इथल्या सवयीने साडेसहापर्यंत उजेड धरून चालशील आणि अंधारात पाण्याची कड दिसणार नाही.

बघ, आलेच मी तिथे.

हिरव्या रंगाचं बोलू. तुझ्या मुंबईच्या फोटोंमधला गटाराच्या पाइपातून फुटलेला पिंपळ मी रोज बघते. पानाच्या पाठीवर शहराची काजळी, शिरांच्या खोलगट भागात ती जाड, आणि लांब शेपटीच्या टोकाला एक थेंब, त्यात उलटी दिसणारी समोरची इमारत. बेटावरच्या रानात वर बघशील तर कितीतरी झाडांच्या पानांना असंच निमुळतं टोक दिसेल. ओल्या प्रदेशातल्या झाडांचं ते वैशिष्ट्य. पाणी पानावर साचू न देता चटकन खाली सोडायचं. पाइपातला पिंपळ ते टोक घेऊन शहरात उभा आहे. तुझी दोन कामं, शहरातली झाडी आणि बेट, या टोकाने जोडली जातात असं मला वाटतं. तू म्हणशील आई आता प्रदर्शनाची मांडणीही सांगायला लागली. पण मला हे खरोखर दिसलं म्हणून लिहिलं. तो फोटो घरी आला तेव्हा तुझे पप्पा चष्मा लावून किती वेळ त्याच्यासमोर उभे होते, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

रानात ढगाळ दिवस सोडू नकोस. उन्हात पानांवर पांढरी चकाकी येते आणि हिरवा रंग धुऊन जातो. पोलरायझर फिरवून चकाकी कापता येते, पण दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड जातो, त्यामुळे वाऱ्यात पानं हलून पुसट येतील. पान स्थिर हवं तर शटर १/२५० सेकंदाच्या खाली नेऊ नकोस, त्यापेक्षा आयएसओ वाढव. दाट झाडीखाली सगळ्यांवरच हिरवी झाक असते, खोडावर आणि माणसाच्या कातडीवरसुद्धा. प्रत्येक जागी एक फोटो राखाडी कार्ड धरून काढ, नंतर रंग त्यावरून जुळवता येतात. आणि पडद्यावरचा लखलखीत पोपटी कागदावर तसा उतरत नाही, मॅट कॉटन कागदावर तर नाहीच. छापण्याआधी सॉफ्ट प्रूफ, म्हणजे कागदावर कसं उतरेल ते पडद्यावरच बघ आणि पोपट्याचं सॅच्युरेशन आधीच उतरव. नाहीतर तिथे पानाच्या शिरा जाऊन नुसता सपाट रंगाचा ठिपका राहतो. इतकी वर्षं प्रिंट करून माझं मत असं झालंय, की हिरव्याचा जीव त्याच्या सावलीत असतो. सावल्या काळ्या करून टाकू नकोस.

आता कॅमेऱ्याचा स्टँड. खाऱ्या पाण्यात उभा करणार असशील तर सगळ्यात खालचा, बारीक नळीचा भाग आधी पूर्ण बाहेर काढ, म्हणजे सांधे पाण्याच्या वर राहतील. पाय वाळूत दाबून बसव आणि मगच फ्रेम लाव, कारण प्रत्येक लाट पायाखालची वाळू उकरते आणि स्टँड खचतो. रोज संध्याकाळी सांधे उघडून गोड्या पाण्याने धू. कॅमेऱ्यावर उडालेलं खारं पाणी कोरड्या फडक्याने पुसू नकोस, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी गोड्या पाण्यात पिळलेलं फडकं, मग कोरडं.

आणि आता ते लिहितेच, लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही. तुला लाटांचं धुकं करायचंय. उजेड अडवणारा दहा स्टॉपचा काळा फिल्टर लावलास की १/३० सेकंदाचा फोटो तेहतीस सेकंदांचा होतो. नॉइज रिडक्शन चालू असेल तर कॅमेरा पुढे आणखी तेवढाच वेळ घेतो. म्हणजे एका फोटोला मिनिटाहून जास्त. दहा फोटो घेईपर्यंत बारा मिनिटं तुझे डोळे पडद्यावर आणि पाठ किनाऱ्याकडे. तिथे भरती-ओहोटीतला फरक उधाणाला दोन मीटरच्या आसपास असतो. सहा तासांत पाणी सारखं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात तसे दोन भाग, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे पहिल्या तासात सतरा सेंटिमीटर, वाटतं काहीच नाही. तिसऱ्या तासात अर्धा मीटर. तुझ्या दहा फोटोंत दहा सेंटिमीटर, आणि घोट्यावरचं पाणी तासाभरात गुडघ्याच्या वर. वाळूचा उंचवटा कोरडा दिसतो म्हणून त्यावर उभा राहशील, तर तुझ्या आणि किनाऱ्याच्या मधली घळ आधी भरलेली असेल. पाणी समोरून येतं तेव्हा कळतं. ते मागून येतं पंकज.

माफ कर. हे व्याख्यान झालं. तू बत्तीस वर्षांचा आहेस, मुंबईत एकटा राहून तू हे काम उभं केलंस, आणि मी तुला पावलं मोजायला शिकवतेय.

खारफुटीकडे वेळ काढ. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने उत्तरेकडच्या बेटांची जमीन वर उचलली गेली, भरतीचं पाणी पोचेनासं झालं आणि तिथली खारफुटी उभ्या जागी वाळली. दक्षिणेकडे उलट जमीन खचली, शेतांत समुद्र शिरला आणि आतली झाडं खारं पाणी पिऊन मेली. एकाच धक्क्याने एकीकडे पाण्यावाचून, एकीकडे पाण्याने. फोटो काढशील तेव्हा हा फरक लक्षात ठेव, नुसती वाळकी खोडं म्हणून काढू नकोस. खाडीच्या तोंडाशी मगरीच्या पाट्या असतील, त्या वाच. जारवा आदिवासींच्या राखीव भागातल्या रस्त्याने गेलास तर कॅमेरा बॅगेत, मोबाइलसुद्धा. तिथे त्यांचे फोटो काढणं गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी तू काढले नसतेस हे मला माहीत आहे. प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नकोस, तोही कायद्याने बंद आहे.

तू सहा वर्षांचा होतास. डार्करूममध्ये स्टुलावर उभा राहून मोठ्याने आकडे म्हणायचास, नव्वदपर्यंत, लाल दिव्यात नुसता तुझा आवाज. ट्रेमध्ये क्वार्टरच्या मागच्या कडुनिंबाचा फोटो होता. पंचवीसच्या पुढे फांद्या दिसायला लागल्या आणि तू मोजणं सोडून ओरडलास, "आई, पाण्यातून झाड आलं!" तो प्रिंट जास्त वेळ राहून काळपट झाला, तरी मी टाकला नाही. तो तुझ्या कपाटात आहे, खालच्या कप्प्यात, आजीच्या बटव्याखाली.

बिबडे आणि ठेचा बॅगेच्या डाव्या कप्प्यात आहेत. ठेच्याचं झाकण घट्ट लाव, त्याच कप्प्यात फिल्टर आहेत.

शहीद द्वीपचा, म्हणजे पूर्वीच्या नील बेटाचा, तो निसर्गाने केलेला दगडी पूल ओहोटीलाच गाठता येतो, आणि सगळ्यात मोठी ओहोटी अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढच्या एक-दोन दिवसांत. मी दिनदर्शिकेवर पौर्णिमेच्या त्या तीन तारखांना लाल गोल केलाय. अष्टमीला भांग असतो, पाणी फार चढत-उतरत नाही, तेव्हा जा असं लिहिणार होते. पण भांगाच्या ओहोटीत खडक अर्धेच उघडे पडतात, तुला हवा तो फोटो त्या दिवशी मिळणार नाही. तेव्हा लाल गोलाच्याच दिवशी जा. भरतीचा तक्ता आदल्या रात्री बघ, रोजची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कालची धरून चालू नकोस. ओहोटीच्या वेळेच्या दीड तास आधी खडकांवर उतर, ओहोटीचं मिनिट मोबाइलवर गजर लावून ठेव, आणि तो वाजला की हातातला फोटो अर्धा असला तरी मागे फीर. खोलीवर पोचलास की फोन कर. रेंज नसेल तर मिळेल तेव्हा कर, मी जागी असेन.

तुझी,
आई