मयू, त्याची पोळी बंद करायच्या आधी हे वाच

मयू,

काल तू म्हणालीस, ग्रुपमधल्या बायकांच्या मुलांना फरक पडला, म्हणून सोमवारपासून अर्णवच्या ऑटिझमसाठी त्याचं गहू आणि दूध दोन्ही बंद, तेव्हा तुझा आवाज इतका रडवेला झाला होता की मी काही बोलले नाही, म्हणून आता लिहितेय.

अगं आधी त्याची सिलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची, रक्ततपासणी करून घे, टीटीजी म्हणतात ती. ती गहू पोटात जात असतानाच करायची असते, एकदा गहू सुटला की काही महिन्यांनी रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि मग खरं काय ते कळायला पोराला परत गहू खायला घालावा लागतो. आणि त्याला शी कडक होते, चार चार दिवस होतच नाही, ते डॉक्टरांना वेगळं सांग, ऑटिझम आहे म्हणून असंच असणार असं धरून चालू नको. पोटात दुखतंय हे त्याला बोलता येत नाही गं, डोकं आपटतो ते त्याच्यामुळेही असू शकतं.

गहू-दुधातल्या प्रोटीनचे तुकडे नीट न पचता रक्तात जातात आणि मेंदूवर अफूसारखे चढतात असं हे डाएट सुचवणारे म्हणतात ना, ती कल्पना जुनी आहे, पण तिला पक्का आधार मिळालेला नाही. अमेरिकेत 14 मुलांना या डाएटवर ठेवून मग कोणालाही न सांगता मधेमधे गहू-दूध दिलं, ते 2016 ला छापून आलं, वागण्यात काही फरक नाही. इंग्लंडमध्ये डॉक्टरांना उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं देणारी सरकारी संस्था आहे, नाइस, तिने 2013 लाच सांगितलंय की ऑटिझमवर उपाय म्हणून हे डाएट देऊ नका. तुमच्या ग्रुपमधल्या बायका खोटं बोलतायत असं मी अजिबात म्हणत नाही, पण त्याच महिन्यांत मुलाची थेरपी पण चालू असते, ते वाढत पण असतं.

आपलं पोर खातं काय सांग? तूपसाखरेची गुंडाळलेली पोळी, दहीभात, केळं, पारले-जी, संपलं. दहीभातात मोहरीचा एक दाणा जिभेला लागला तर सगळा घास बाहेर. यातून पोळी, दही, बिस्किट काढलंस की उरतं काय, आणि तो त्याऐवजी दुसरं खाईल असं नाही, उपाशी राहील, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. ऑटिझम असलेल्या मुलग्यांची हाडं पातळ असतात, दूध बंद असलेल्यांची अजून पातळ, असं अमेरिकेतच 2008 ला एक्सरेवरून दिसलं होतं. दही हेच त्याचं कॅल्शियम आहे गं.

टीटीजी पॉझिटिव्ह आली तर मात्र डॉक्टर पुढच्या तपासण्या करतील आणि सिलिअ‍ॅकच निघाला तर गहू पूर्ण बंद, कायमचा, मी सगळ्यात आधी तुझ्या बाजूने उभी राहीन. मग ज्वारी पण गहू दळलेल्या गिरणीत दळायची नाही, आणि हिंगाची डबी वाचून घ्यायची, बांधानी हिंगात मैदा असतो.

नाचणी तशीही सुरू करूया, 100 ग्रॅममध्ये 300 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, पण दही काढून नाही, दह्याच्या जोडीला. गावदेवी मार्केटमधून आणते.

शनिवारी सकाळची पनवेल गाडी पकडून खारघरला येते. रक्त काढताना अर्णवला मी मांडीवर घेते, तू बाहेर थांब. रिपोर्ट येईपर्यंत पोळी चालू राहू दे.

आई