‘फ्रेंडशिप’लाही जागा द्या

माननीय संपादक,

आपल्या पुरवणीतल्या व्हिडिओ गेमवरच्या लेखात ‘मॉर्टल कोम्बॅट’ या मारामारीच्या गेमचं नाव रक्तपातापुरतंच आलं. नव्वदच्या दशकात सांगलीत माझं गेम पार्लर होतं, त्यामुळे गप्प राहवलं नाही.

१९९२च्या पहिल्या गेममधली ‘फेटॅलिटी’, म्हणजे हरलेल्याला क्रूरपणे ठार मारायचा शेवटचा डाव, भयंकर होती, यात वादच नाही. डिसेंबर १९९३मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये त्यावर सुनावणी झाली, पुढच्याच वर्षी गेमना वयानुसार वर्गवारी देणारी ‘ईएसआरबी’ आली. पण त्याच १९९३मध्ये गेमचे निर्माते एड बून आणि जॉन टोबायस यांनी दुसऱ्या भागात ‘फ्रेंडशिप’, म्हणजे हरलेल्याला न मारता मैत्रीने केलेला शेवट, आणली, हे कुणी लिहीत नाही. हरलेला गडी डुलत उभा असतो, ‘फिनिश हिम’ची आरोळी येते आणि गेममधला लढवय्या लिऊ कँग चक्क डिस्को बॉलखाली नाचू लागतो! जॉनी केज फोटोवर सही करून देतो. किटाना केक काढते. हातातून पाती बाहेर येणारा तो विद्रूप बराका भेटवस्तू पुढे करतो. शिवाय ‘बॅबॅलिटी’त समोरच्याचं तान्हं बाळ होतं, ते वेगळंच.

महत्त्वाचं म्हणजे हे फुकट मिळत नसे. जिंकायच्या राउंडमध्ये ठोशाची दोन्ही बटणं एकदाही दाबायची नाहीत; नुसत्या लाथांवर आणि ठोशाविना जमणाऱ्या डावांवर जिंकायचं. मग स्टिक बरोबर फिरवायची. फेटॅलिटीला असली अट नव्हती. म्हणजे मारण्यापेक्षा मैत्री अवघड! माझ्याकडची पोरं फ्रेंडशिप जमवणाऱ्याभोवती गर्दी करायची, आणि हरलेलाही हसत दुसरं नाणं काढायचा. कुस्तीत चितपट झालेल्याला हात देऊन उठवतात, तसंच मला ते वाटायचं.

‘मॉर्टल कोम्बॅट ११’मध्ये २०२०च्या मे महिन्यात फ्रेंडशिप मोफत परत आली, तेव्हा मी पुतण्याला मुद्दाम ती लावायला सांगितली. २०२३च्या नव्या गेममध्ये मात्र ती पुन्हा गायब. त्यात नंतर ‘अ‍ॅनिमॅलिटी’ आणली, जनावर होऊन फाडून खायला. नाचायला तेवढी जागा उरली नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्या गेमविषयक सदरात रक्त किती आहे ते जरूर सांगा. पण जिंकल्यावर न मारण्याची सोय त्या गेममध्ये आहे की नाही, हेही प्रत्येक वेळी छापावं, ही विनंती. पोराला गेम घेऊन देताना आईबापांना ते कळायला हवं.

आपला,
एक जुना पार्लरवाला, सांगली