ताई, त्या दुपारी तुम्ही थांबलात

ताई, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. दोन वर्षं होत आली, तरी त्या दिवसांविषयी बोलायला लागले की घसा दाटून येतो.

मी संस्थेत चौदा वर्षं आहे. आईवडील ऊस तोडायला कोयत्यावर जायचे, माझं निम्मं बालपण उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत गेलं. ऊसतोड बायकांचं काम मला कधी नोकरी वाटलंच नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी सगळीकडे झाली, सरकारने समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त जणींची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. तसल्या कितीतरी जणी त्याच्या आधीपासून आमच्या बैठकांना येत होत्या. खाडा पडला की मजूर नेणारा मुकादम पैसे कापतो, मग दुखणं अंगावर काढायचं तरी किती, म्हणून तिशीच्या आत ऑपरेशन करून बसलेल्या. त्या आमच्याशी बोलायच्या, कारण आम्ही त्यांच्यातल्याच होतो.

मग २०२० च्या सप्टेंबरात परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. एका संस्थेने असा पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही, असं झालं. आमचा निम्म्याहून जास्त खर्च तशाच पैशावर चालायचा. संस्थापक वयाने थकले होते. तेव्हा संस्था सावरायला म्हणून जे साहेब आले, त्यांनी पडद्यावर तक्ते दाखवले, आमच्या बायकांना 'लाभार्थी' म्हणायला शिकवलं, आणि एका रात्री आमच्यातल्या अकरा कार्यकर्तींच्या मोबाईलवर निरोप धाडला, 'उद्यापासून येऊ नये.' त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर होती. तीन महिन्यांचं मानधन अडकलेलं. फोन कुणी उचलला नाही. हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

विश्वस्तांची बैठक तेव्हा दरवर्षी डिसेंबरात, पुण्यात व्हायची. डिसेंबरात आमच्या बायका कुठे असतात, हे एकाच्याही मनात आलं नव्हतं.

त्या साहेबांनंतर संस्था सांभाळायला तुम्ही आलात आणि महिनाभर नुसत्या एसटीने गावं फिरलात. पुढे जे केलंत ते सगळं गोड नव्हतं. सातपैकी चार केंद्रं बंद केलीत. वडवणीचं केंद्र बंद झालं तेव्हा मी आठ दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. पण ते सांगायला तुम्ही स्वतः प्रत्येकीच्या घरी गेलात, आणि मानधनाचा शेवटचा रुपया चुकता केल्याशिवाय दाराला कुलूप लावलं नाहीत. बाकी अर्ज, ठराव, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातले हेलपाटे, यात मी शिरत नाही. मला सांगायचंय ते एका दुपारचं.

बैठक तुम्ही वैशाखात आणलीत, धारूरला, आमच्या पत्र्याच्या खोलीत. अक्षय्य तृतीया होऊन गेली होती, ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या होत्या. दोन ऊसतोड बायका पहिल्यांदाच विश्वस्त म्हणून सतरंजीवर सगळ्यांच्या बरोबरीने बसल्या होत्या. लाईट गेलेली, वर पत्रा तापलेला. मागच्या सभेचं इतिवृत्त तुम्ही मराठीत करून घेतलं होतं. सह्यांची वेळ आली, तसा एका जुन्या विश्वस्तांनी कागद त्या दोघींतल्या मावशींपुढे सरकवला, 'इथे सही करा.' मावशी पन्नाशीच्या, आमच्या रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकलेल्या. त्यांनी पेन घेतलंच नाही. हळूच म्हणाल्या, 'वाचून करते.'

तुम्ही हातातली फाईल मिटून खाली ठेवलीत आणि म्हणालात, 'वाचा मावशी. मोठ्यानं वाचा, आम्हालाही ऐकू द्या.'

दीड पानाचा कागद. ओळीखाली बोट धरून त्या वाचत होत्या. 'विश्वस्त' या शब्दाला अडल्या. मी शेजारीच होते, शब्द माझ्या ओठांवर आला होता. तुम्ही माझ्याकडे बघून नुसती मान हलवलीत, मी गप्प बसले. कुणीतरी घड्याळ पाहिलं. तुम्ही नाही पाहिलंत. तिसऱ्या खेपेला शब्द जुळला, तेव्हा मावशींनी तो स्वतःच्या नावाला जोडून पुन्हा एकदा म्हटला. मग खालच्या एका ओळीवर बोट थांबलं. 'इथं ऊसतोड कामगार आणि त्यांच्या पत्नी असं लिवलंय. ऊस तर आम्ही बी तोडतो की.'

खोलीत कुणी काही बोललं नाही. तुम्ही पेन घेतलंत, ती ओळ खोडलीत, वर 'ऊसतोड कामगार स्त्री-पुरुष' असं लिहून कागद परत त्यांच्या हातात दिलात. मग मावशींनी सही केली.

सगळी मिळून वीसेक मिनिटं गेली असतील. माझ्या आईने उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या कागदावर जन्मभर अंगठे दिले, ताई. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांची मजुरी एकत्र, आणि हिशेब मुकादम सांगेल तो. तिला त्या कागदावरची एक ओळसुद्धा कधी कुणी वाचून दाखवली नाही. त्या दुपारी मला सारखी तीच दिसत होती.

अशी माणसं असतात, हे मी मधल्या काळात विसरून गेले होते. आमच्या हंगामी वसतिगृहात एक बाई आहेत, फडावर गेलेल्यांच्या पोरांना जेवू घातल्याशिवाय स्वतः घास घेत नाहीत. एक एसटीचे वाहक आहेत, बायका पेट्या-बोचकी घेऊन धावत येताना दिसल्या की घंटी मारत नाहीत. त्यांचे आभार कधी मानलेच नाहीत, तेही इथेच मानते.

मावशी यंदाही दिवाळीआधी कोयत्यावर गेल्या. जाताना त्या इतिवृत्ताची झेरॉक्स रेशनकार्डाच्या पिशवीत घालून, पत्र्याच्या पेटीत ठेवून नेली. परवा रात्री कोपीतून फोन आला होता. मोळ्या बांधून हात भरून आलेत म्हणाल्या, आणि मग विचारलं, 'पुढची बैठक वैशाखातच हाय ना?' तुम्हाला न विचारताच मी हो म्हणून टाकलं.

तुमची,
धारूर केंद्रातली एक कार्यकर्ती