ताईस पत्र: गिटार आणि डावा हात

मिरज

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू दोन गिटारींची नावे सांगितलीस आणि पंचवीस हजारांच्या वर एक रुपयाही जायचा नाही, असे बजावलेस. फोनवर मला नीट बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे. डाव्या हाताला मुंग्या येतात असे तू आईला सांगितलेस, त्याविषयी मी चकार शब्द काढायचा नाही असे घरी ठरले आहे. तेव्हा हे पत्र फक्त गिटारीचे आहे.

तुला आवडलेली ती चकचकीत, मागून शिसवीची आणि आत पिकअप (आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणारे यंत्र) बसवलेली ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या पोटाची गिटार, मला पसंत नाही. 1960च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलची शिसवी मिळेनाशी झाल्यावर परदेशातल्या नामवंत कारखान्यांनी आपल्या दक्षिणेतली शिसवी वापरायला घेतली, त्यामुळे तिच्या नावाला किंमत आली आहे. पण तुझ्या रकमेत मागे शिसवीचा पापुद्रा तेवढा मिळतो. सतारीत जे तबलीचे, म्हणजे भोपळ्यावरच्या फळीचे काम, तेच गिटारीत पुढच्या फळीचे. ती फळी प्लायची असेल, तर आडवे-उभे थर एकमेकांना जखडून ठेवतात आणि नाद मोकळा होत नाही. दुकानात गेलीस की मधल्या भोकाची कड उजेडात धरून पाहा: वरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरत असतील तर लाकूड अखंड आहे, आणि थर दिसले तर विक्रेता काहीही म्हणो, ती ठेवून दे. तुझ्या यादीतल्या यामाहा एफएस 800 ची पुढची फळी अखंड स्प्रूसची आहे. मागची बाजू साधी आहे, तिचे मला दुःख नाही.

रेकॉर्डिंगसाठीही मी तीच निवडीन. ड्रेडनॉटचे मोठे पोट बैठकीत भरदार वाटते, परंतु त्यातली हवा 100 हर्ट्झच्या आसपास घुमते आणि माइकला नेमके तेच आधी ऐकू येते. तुझ्या स्टुडिओतला मुलगा "खाली फार गोळा होतो" म्हणतो तो हाच. लहान अंगाच्या गिटारीत खालचे आणि वरचे स्वर समतोल येतात, मग गाण्याखाली ती बसवताना कापाकापी कमी करावी लागते. शिवाय एफएसच्या तारेची लांबी 634 मिलिमीटर आहे, तर तिच्याच मोठ्या बहिणीची, एफजीची, 650. त्याच स्वराला ताण साधारण पाच टक्क्यांनी उतरतो. तारा 012 ऐवजी 011 च्या (म्हणजे पहिली तार इंचाच्या 12 ऐवजी 11 हजारांश जाडीची) लावल्यास तर पहिल्या तारेवरचा भार सोळा टक्के कमी होईल. आवाज थोडा बारीक होईल, हे कबूल. माइक जवळ असताना ती उणीव भरून काढता येते. बोटांची उणीव मात्र कशाने भरून काढणार?

बघ, पुन्हा तिकडेच गेलो.

तुझ्या आजोबांची, अण्णांची, आठवण तुला अंधुकच असेल. सतारीच्या घोडीचा माथा घासून जवारी काढताना कानस धरून धरून त्यांच्या उजव्या हाताची मूठ अशी झाली होती, की शेवटी माझी आई त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या लावून देत असे, आणि तरीही "हात बधिर झाला म्हणजे काम मुरले" असे ते अभिमानाने सांगत. आमच्या पिढीने ते ऐकून घेतले. तू ऐकू नकोस. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एकच टेक वीस वेळा वाजवायचा, सकाळी नोकरीवर संगणकापुढे बसायचे आणि लोकलमध्ये पुन्हा वरची कडी धरून लोंबकळायचे, याला रियाज म्हणत नाहीत. याला शरीराशी वैर म्हणतात. माफ कर, हे प्रवचन झाले. तू बत्तीस वर्षांची आहेस आणि स्वतःचे भाडे स्वतः भरतेस.

पिकअपचे पैसे वाचव. तारेखालच्या पिझो पिकअपचा आवाज रंगमंचावर चालून जातो, स्टुडिओत तो कोरडा आणि प्लास्टिकसारखा येतो. तेच पैसे सेटअपला, म्हणजे तारांची उंची नीट बसवून घ्यायला, दे. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या बाराव्या पट्टीवर) जाड तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तारेची दोनच्या आसपास असावी. नवी गिटार बहुधा याहून उंच येते, कारण खरखर झाली तर गिऱ्हाईक परत येते, पण बोट दुखले तर ते स्वतःलाच दोष देते. नटच्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचाही तपासून घे. पहिल्या फ्रेटवरचा एफ कॉर्ड दाबताना जीव जातो तो तिथेच. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला स्वर) ट्यूनरवर जुळतात का, हे विकत घेण्याआधी पाहा, कारण किंचित बेसूर गिटार माइकपुढे लपत नाही. माइक भोकासमोर ठेवू नकोस. बाराव्या फ्रेटकडे रोखून वीतभर, फार तर फूटभर अंतरावर ठेव. मुंबईच्या पावसाळ्यात फळी फुगते आणि तारा वर उचलल्या जातात, म्हणून पेटीत सिलिका जेल असू दे आणि आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राखता आली तर उत्तम.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा दुकानात पेढे घेऊन आलेल्या मंडळींना मी मोबाइलवर तुझी ती जाहिरात ऐकवीत होतो. आत्या म्हणाली, "अरे, आज सतारीचा दिवस आहे." असेना का. लहानपणी तू तुनाच्या भुशात बसून न जोडलेल्या तबल्या बोटाने ठोकत असायचीस आणि त्यातली चांगली कोणती हे मला बरोबर सांगायचीस. एकदा तू नापसंत केलेली तबली मी खरोखरच बाजूला ठेवली होती, हे तुला कधी सांगितले नाही. त्यामुळे दुकानात माझ्या कागदापेक्षा तुझ्या कानावर भरवसा ठेव.

कारखान्याची सॅडल, म्हणजे पोटावर तारा टेकतात ती पट्टी, प्लास्टिकची असते. मी उंटाच्या हाडाची घासून कुरियरने पाठवतो. बाराव्या फ्रेटवर तार जेवढी खाली हवी असेल, त्याच्या दुप्पट सॅडल घासावी लागते. म्हणून गिटार घेतल्यावर दोन्ही टोकांच्या तारांची उंची आणि सॅडलची लांबी, जाडी, उंची मोजून कळव.

आणि त्याच मेसेजमध्ये मुंग्या कोणत्या बोटांना येतात तेही लिही. इथल्या डॉक्टरांना मी विचारले: अंगठा, तर्जनी आणि मधले बोट असेल तर मनगटात नस दबलेली असू शकते, करंगळी आणि अनामिका असेल तर कोपरात. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि लवकर दाखवले तर ते सोपे असतात. आईला सांगू नकोस मी विचारले म्हणून.

तुझे,
बाबा