बायोमेकॅनिक्सचे गुण नेमके कशाला?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

फिजिओथेरपीच्या पदवी अभ्यासक्रमात बायोमेकॅनिक्सची, म्हणजे शरीराच्या हालचालींमागच्या बलांच्या शास्त्राची, धास्ती मोठी आहे. वरच्या वर्गातली मुले नव्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकतात, ‘मागच्या पाच वर्षांचे पेपर काढ, आकृत्या पाठ कर, सुटशील.’ आणि मुले खरोखरच सुटतात. मी सांगलीत प्रॅक्टिस करते, काही वर्षे हा विषय शिकवला आहे आणि प्रात्यक्षिकांना बाह्य परीक्षक म्हणूनही जाते. या विषयात आपल्याकडून नेमके काय हवे आहे हे मुलांना कोणी सांगत नाही. गुण मात्र बहुतेक वेळा पाठांतराला मिळतात, आणि त्याची किंमत पुढे रुग्ण मोजतो.

एक उदाहरण देते. डाव्या खुब्याचे स्नायू दुबळे झालेल्या रुग्णाने काठी कोणत्या हातात धरावी? बहुतेक घरांत ती दुखऱ्या बाजूच्याच हातात दिसते, कारण तेच स्वाभाविक वाटते. खरे उत्तर आहे उजव्या हातात, आणि ते कागदावर मांडून दाखवता येते. ६० किलो वजनाची बाई डाव्या पायावर उभी आहे. तो पाय सोडला तर उरलेल्या शरीराचा साधारण ५० किलोचा भार खुब्याच्या सांध्यावर येतो, आणि तो सांध्याच्या मध्यापासून सुमारे १० सेंटिमीटर आत पडतो. कंबर उचललेल्या उजव्या पायाच्या बाजूला कलू नये म्हणून बाहेरच्या बाजूचे ग्लुटिअस मीडियससारखे स्नायू ओढ देतात, पण सांध्यापासून त्यांचे अंतर निम्मेच, सुमारे ५ सेंटिमीटर. म्हणजे ५० किलो तोलायला स्नायूंना १०० किलोचा जोर लावावा लागतो आणि सांध्यावर एकूण १५० किलो येतात, शरीराच्या वजनाच्या अडीचपट. आता तिच्या उजव्या हातात काठी द्या. काठी सांध्यापासून साधारण ५० सेंटिमीटर दूर टेकते, त्यामुळे तिच्यावर फक्त ५ किलोचा भार दिला तरी स्नायूंचे काम निम्म्यावर येते. सांध्यावरचा भार १५० वरून ९५ किलोच्या आसपास उतरतो. आकडे ढोबळ आहेत, माणसागणिक बदलतात, पण तर्क बदलत नाही. हा हिशेब ज्याने एकदा स्वतः केला, तो आयुष्यात कधी चुकीच्या हातात काठी देणार नाही.

परीक्षेत याच विषयावर प्रश्न येतो तो ‘खुब्याच्या सांध्याचे बायोमेकॅनिक्स सविस्तर लिहा’ असा. मुले चार पाने लिहितात. लिगामेंटची नावे, कोनांच्या सरासऱ्या, लिव्हरचे तीन प्रकार, पुस्तकातली आकृती. पेपर तपासणाऱ्याकडे गठ्ठा मोठा असतो, वेळ थोडा. तो मुद्दे मोजतो, आकृती आहे का बघतो आणि पुढे जातो. गणित विचारलेच तर उलटा अन्याय होतो. एखाद्या मुलीने फ्री बॉडी डायग्रॅम (कोणते बल कुठे लागते ते दाखवणारी आकृती) अचूक काढला, टॉर्कचे, म्हणजे बल गुणिले अंतराचे, समीकरण बरोबर मांडले आणि शेवटच्या गुणाकारात चूक केली, तर तिच्या हाती भोपळा येतो. शेजारच्याला उत्तराचा आकडा पाठ असतो, त्याला पूर्ण गुण. असे पेपर मी पाहिले आहेत आणि दर वेळी वाईट वाटले आहे.

दहा गुणांच्या अशा प्रश्नात तीन गुण आकृतीला, तीन कोणते अंतर का धरले याला, एकदोन आकडेमोडीला आणि उरलेले ‘म्हणून या रुग्णाला काय सांगाल’ याला द्यावेत, असे माझे मत आहे. कोणी वेगळी वाटणी सुचवली तरी हरकत नाही. ती परीक्षेआधी, सत्राच्या पहिल्या दिवशी, छापील स्वरूपात मुलांच्या हाती पडली पाहिजे, एवढा मात्र माझा आग्रह आहे. आज मुलांना प्रश्नपत्रिकेचा आराखडा कळतो, गुण कशाचे ते कळत नाही.

‘या मुलांना गणित झेपत नाही’ असे अनेक सहकारी म्हणतात. ते मला पटत नाही. राज्यात फिजिओथेरपीचे प्रवेश ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात. बारावीला गणित नसलेली मुले त्यात भरपूर असतात हे खरे, पण सदिश, बल, टॉर्क ही प्रकरणे त्यांनी अकरावीच्या भौतिकशास्त्रात केलेली असतात. फक्त ती चार पर्यायांतला एक निवडण्यापुरती केलेली असतात. बल कुठे लागते, कोणत्या दिशेने लागते, अंतर कुठून मोजायचे, हे स्वतःच्या हाताने रेखाटायची सवय त्यांना नसते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे त्यासाठी दिले तर बहुतेक मुले उभी राहतात, हे मी वर्गात पाहिले आहे. हे आठवडे वेळापत्रकात नसतात. शिक्षक आपल्या तासांतून ते काढतो आणि मग ‘पोर्शन मागे राहिला’ म्हणून बोलणी खातो.

इंटर्नलच्या, म्हणजे महाविद्यालयाने स्वतः द्यायच्या, गुणांबद्दल तर बोलायलाच हवे. जर्नल सुवाच्य असेल, वेळेत सही घेतली असेल, हजेरी पूर्ण असेल तर गुण चांगले मिळतात. शिस्तीला किंमत असावी, पण ती हजेरीच्या रकान्यात. जर्नलमधले प्रयोग अनेकदा मागच्या बॅचच्या वहीतून उतरवलेले असतात, हे शिक्षकालाही माहीत असते. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, एका मुलाला विचारतात गेट सायकलमध्ये (चालण्याच्या एका पूर्ण आवर्तनात) स्टान्स, म्हणजे पाय जमिनीवर असण्याचा काळ, किती टक्के, तो म्हणतो ६०, सुटला. दुसऱ्याला विचारतात की म्हातारा माणूस सावकाश चालू लागला की दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ का वाढतो. हा प्रश्न कितीतरी चांगला, पण दोघांचे गुण एकाच पट्टीने मोजणे योग्य नाही. प्रत्येकाला तेच रुग्ण, तेच प्रश्न, तीच गुणतक्ती, अशी स्टेशन मांडून घेतलेली परीक्षा वैद्यकीय शिक्षणात नवी राहिलेली नाही. बायोमेकॅनिक्ससाठी ती घेणे अवघडही नाही. सांध्याचा कोन मोजणारा एक गोनिओमीटर, एक वजनकाटा आणि मोबाइलवर काढलेला चालण्याचा व्हिडिओ पुरतो.

आणि प्रश्न आपल्या माणसांचे असावेत. सपाट जमिनीवर चालताना गुडघा साधारण ६० अंशांपर्यंत वाकतो, हे सगळ्यांना पाठ आहे. पण आमच्याकडे येणारी बाई विचारते की मला मांडी घालून जेवता येईल का, शेतात उकिडवे बसून भांगलता येईल का. उकिडवे बसायला गुडघा त्याच्या दुपटीहून अधिक वाकावा लागतो. ऊसतोड कामगार मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतो, तेव्हा मानेवर आणि गुडघ्यावर काय येते, हा प्रश्न मी कोणत्याही पेपरात पाहिलेला नाही. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८च्या सुमारास जयपूर फूट हा कृत्रिम पाय घडवला तो याच गरजेतून: अनवाणी चालता यावे, उकिडवे बसता यावे, शेतात उतरता यावे. आपल्या देशातले बायोमेकॅनिक्सचे इतके मोठे काम मुलांना एका टिपेपुरते माहीत असते.

मला सोपा पेपर नको आहे, ग्रेस गुणांची मागणी तर मुळीच नाही. हिशेब न येणारा विद्यार्थी या विषयात नापास झालाच पाहिजे, कारण उद्या तो कोणाच्या तरी आजीला चालायला शिकवणार आहे. पण तो कशामुळे नापास झाला हे त्याला कळले पाहिजे. ‘एवढे अवघड की निम्मा वर्ग गळतो’ याचा अभिमान बाळगणारे शिक्षकही मी पाहिले आहेत. वर्ग गळण्यात शिक्षकाचे कौतुक कसले?

ही वेळ योग्य आहे असे मला वाटते. २०२१च्या कायद्याने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला आणि फिजिओथेरपीचे शिक्षण देशभर एका मापात आणण्याची जबाबदारी त्याच्याकडे गेली. राज्यातली बहुतेक फिजिओथेरपी महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. अभ्यासक्रम बदलताना प्रकरणांची यादी लांबवली जाते, मूल्यमापनाचे पान शेवटी घाईत भरले जाते. या वेळी ते आधी लिहावे. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला गुणतक्ती जाहीर करावी, पायरीनिहाय गुण सक्तीचे करावेत आणि मागील परीक्षेतल्या तीन तपासलेल्या उत्तरपत्रिका, एक उत्तम, एक मध्यम, एक नापास, नावे झाकून ग्रंथालयात ठेवाव्यात. याला वेगळा निधी लागत नाही, पुढच्या सत्रापासूनही सुरुवात करता येईल.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, सांगली