बुडालेल्या नगरावरून जाताना

मु. पो. पवनी, जि. भंडारा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील नौकाप्रवास आटोपून मी सुखरूप परतलो. धानाची रोवणी सुरू असल्याने पत्रास विलंब झाला. परंतु जे पाहिले ते आधी तुलाच कळवावे, असे मी नौकेवर असतानाच ठरविले होते.

फेथिये ते देमरे हे अंतर आम्ही ‘गुलेत’ म्हणतात त्या दोन डोलकाठ्यांच्या लाकडी नौकेतून कापले. हा प्राचीन लिसियाचा प्रदेश. येथे टॉरस पर्वताचे कडे थेट समुद्रात उतरतात, त्यामुळे किनाऱ्यावरील नगरांचे दळणवळण बव्हंशी पाण्यावरूनच चाले, आणि म्हणूनच ती समुद्रावरून पाहिली म्हणजे त्यांची मांडणी नीट उमगते. कड्यांत कोरलेली थडगी तर घरांसारखी आहेत. लाकडी तुळयांची टोकेसुद्धा दगडात हुबेहूब उतरविली आहेत.

काशजवळ उलुबुरुनचे भूशिर लागते. 1982 साली स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला तेथे समुद्रतळाशी धातूचे ठोकळे दिसले आणि सुमारे तेहतीसशे वर्षांपूर्वीचे एक व्यापारी जहाज उजेडात आले. 1984 ते 1994 अशी दहा वर्षे त्याचे उत्खनन चालले. जहाजात सुमारे 10 टन तांबे आणि 1 टन कथील होते, म्हणजे कासे ओतण्यासाठी लागणारे अगदी नेमके प्रमाण! तो ठेवा आता बोद्रुमच्या संग्रहालयात आहे.

तथापि, ज्यासाठी हे पत्र लिहितो ते केकोवा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील भूकंपांनी या बेटाच्या काठची वस्ती खचली. नावाड्याने वेग अगदी कमी केला आणि आम्ही कठड्याशी ओणवून पाहू लागलो. खडकात खोदलेला एक जिना काठावरून उतरत पाण्यात शिरला होता. निळसर पाण्यातून त्याच्या पुढच्या पायऱ्याही स्पष्ट दिसत होत्या. बाजूला अर्ध्या भिंती, तुळया बसविण्यासाठी पाडलेल्या खाचा आणि खापरांचा खच. या अवशेषांवर पोहण्यास, बुडी मारण्यास सक्त मनाई आहे. समोरच्या सिमेना गावाजवळ एक दगडी शवपेटी उथळ पाण्यात उभी आहे, आणि गावकरी आपल्या होड्या तिच्या शेजारून रोज नेतात.

तो जिना पाहताच मला तुझे गाव आठवले. धरणाचे पाणी चढले तेव्हा तुम्ही चौकटी, कवेलू, देवघरातले देव, जे नेता आले ते सर्व पुनर्वसनाच्या गावठाणात नेले. पण कोणत्या घराला लागून कोणाचे घर, विहीर कोठे, घाटाची वाट कोणत्या बाजूने उतरे, हे कागदावर कोणीच उतरविले नाही. केकोव्याचे निदान दगड तरी शिल्लक आहेत. आपली घरे मातीची होती; त्यांची जागा सांगणारी माणसेच काय ती उरली आहेत, आणि तीही थकत चालली आहेत.

म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे. दिवाळीनंतर धान निघाले की मी चार दिवस तुझ्याकडे मुक्कामाला येतो. तोवर तू तुझ्या आईला आणि पाटीलकाकांना विचारून घरांची यादी वस्तीवार लिहून ठेव. नकाशा आपण दोघे मिळून काढू. उन्हाळ्यात पाणी उतरले, म्हणजे एखाद्या ढिवराच्या डोंग्यातून जाऊन जे उघडे पडेल त्याच्याशी तो ताडून पाहू. मोठी वही आणि मोजपट्टी मी आणतो.

आईंना माझा साष्टांग नमस्कार सांग. पत्रोत्तराची वाट पाहतो.

तुझा स्नेहांकित मित्र